व्हॉल्व्ह कुठे आहे, तुला काय वाटतं?

तरुणांचं सक्षमीकरण, भावनिक स्वास्थ्य आणि समाजसेवा यांना वाहून घेतलेल्या एका संस्थेच्या न्हाणीघरातला पाइप मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता फुटला. संस्थेने घटनेची तातडीने दखल घेतली. म्हणजे न्हाणीघराचं दार लावून घेतलं.

न्हाणीघराच्या बरोब्बर खाली ताईचं शिवणकामाचं दुकान होतं. तिथे दांडीवर ब्याण्णव पांढरे एप्रन टांगलेले होते, इस्त्री करून, बटणं लावून. दोन वर्षं चपला झिजवल्यावर तिला इस्पितळाची ही ऑर्डर मिळाली होती आणि चार वाजता माल न्यायला गाडी येणार होती. छतातून गंजाचा पहिला पिवळा थेंब एप्रनच्या खिशावर पडला तेव्हा तिने धाकट्या भावाला फोन लावला.

"अरे, वरचं सक्षमीकरण खाली गळायला लागलंय. असशील तसा ये!"

भाऊ प्लंबर होता, वय तेवीस. आईच्या माघारी ताईनेच त्याला वाढवलं होतं, पहिला पानाही तिनेच घेऊन दिला होता. तो दहा मिनिटांत आला आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

दारातल्या बाईंनी त्याचे बूट काढायला लावले, मोबाइल टोपलीत ठेवला आणि हातात अर्ज दिला. त्यात 'आजची मुख्य भावना' या सदराखाली चोवीस चौकोन होते. त्याला हवा तो सापडेना, म्हणून त्याने खाली हाताने लिहिलं: घाई.

"घाई ही भावना नाही. घाईच्या मागे काय आहे ते लिहा," बाई मायेने म्हणाल्या.

"घाईच्या मागे पाणी आहे, बाई!"

पण बाईंची नजर तोवर वयाच्या रकान्यावर गेली होती. त्या खुर्चीवरून उठल्या, टेबलावरची घंटा तीनदा वाजवली आणि आत वळून ओरडल्या, "तरुण आलाय!"

आत एकच धावपळ उडाली. तिचं कारणही तसंच होतं. संस्थेत तरुणांसाठी झटणारे सव्वीस जण होते आणि त्यांतला सगळ्यात लहान अठ्ठावन्न वर्षांचा होता. वर्षभरात शंभर तरुण सक्षम करण्याचं उद्दिष्ट होतं. आजवर अकरा झाले होते, त्यांतला एक दोनदा. वार्षिक अहवाल संध्याकाळी जायचा होता आणि अशा वेळी एक खराखुरा तरुण, अनवाणी, आपल्या पायांनी चालत आला होता.

"मेन व्हॉल्व्ह कुठे आहे?" त्याने विचारलं.

संचालिकाबाईंनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "तुला काय वाटतं, कुठे असेल?"

"मला कसं कळणार? सगळे पाइप भिंतीत गाडलेत. तुम्हाला माहीत नाही का?"

"माहीत आहे ना. मी उभं राहून बसवून घेतलाय. पण आम्ही तरुणांना उत्तरं देत नाही, बाळा. धोरण आहे तसं. उत्तर दिलं की त्याचा शोध हिरावला जातो."

"मग गच्चीवर टाकीपाशी जाऊन बंद करतो."

गच्चीला आतून कडी होती. तिथे संस्थेचंच तीन दिवसांचं मौन शिबिर चालू होतं. त्याने दार बडवलं, हाका मारल्या. आतले सगळे जण ते शांतपणे स्वीकारत राहिले.

तो खाली आला तोवर पाणी न्हाणीघराच्या दाराखालून दिवाणखान्यात आलं होतं. मंडळींनी खुर्च्यांचं वर्तुळ केलं होतं आणि पाय खुर्च्यांवर घेतले होते. संस्थेचे समुपदेशक, ज्यांना सगळे हळुवारकाका म्हणत, त्यांनी त्याला मधोमध बसवलं.

"पाणी वाढतंय असं तुला जाणवतंय," हळुवारकाका म्हणाले.

"जाणवत नाही हो, घोट्याला लागतंय!"

"घोट्याला. छान. शरीराचं ऐकतोयस."

एवढ्यात जिन्यावरून ताईचा आवाज आला. "अरे, वीस गेले! बंद कर ना रे!" तो उठायला लागला, तर हळुवारकाकांनी त्याच्या हातात लोकरीचा एक निळा चेंडू दिला. वर्तुळात बोलायचं तर चेंडू हातात हवा, नसेल तर ऐकायचं, असा नियम होता आणि तो नियम सव्वीसही जण प्राणपणाने पाळत.

"व्हॉल्व्ह कुठे आहे?" त्याने चेंडू हातात धरून विचारलं.

सगळ्यांनी भरल्या डोळ्यांनी माना डोलावल्या. चेंडू त्याच्याकडे असल्यामुळे उत्तर कोणालाच देता येत नव्हतं. त्याने तो संचालिकाबाईंकडे फेकला. त्यांच्या हातून तो निसटला, पाण्यात पडला आणि तरंगत तरंगत कोपऱ्यातल्या पलंगाखाली गेला. आता सत्तावीस जणांपैकी कोणालाच बोलायची मुभा उरली नाही. तीन मिनिटं मंडळी चेंडूकडे बोट दाखवत, भुवया उडवत, एकमेकांना समजून घेत बसली. शेवटी प्लंबर पालथा पडून पलंगाखाली घुसला, चेंडू काढला आणि पिळून संचालिकाबाईंच्या मांडीवर ठेवला.

"आता सांगा!"

बाईंनी चेंडू छातीशी धरला, डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला. "तुला काय वाटतं?"

तेवढ्यात ताई स्वतःच आत आली. पदर ओला, हातात पिवळे डाग पडलेला एप्रन.

"आपलं वय?" दारातल्या बाईंनी विचारलं.

"अडतीस. का?"

"मग आपण आमच्या लाभार्थी वयोगटात बसत नाही."

"मला बसायचंच नाहीये! चार महिने झाले सांगतेय, नळ गळतोय, पाइप कुजलाय. अकरा चिठ्ठ्या टाकल्यात तुमच्या त्या पेटीत!"

तिने बोट दाखवलं. भिंतीवर चार स्क्रूंनी बसवलेली एक सुबक लाकडी पेटी होती. तिच्यावर लिहिलं होतं: आम्ही तुमचं ऐकतो.

प्लंबरचं डोकं एव्हाना ठिकाणावर आलं होतं. त्याने वर्तुळ, चेंडू, धोरण सगळं सोडून भिंतीला कान लावला. आत पाणी खळखळत होतं. तो कान न उचलता आवाजामागे सरकत गेला आणि पेटीपाशी येऊन थांबला.

"पेटीची किल्ली?"

"तिची कधी गरजच पडली नाही," संचालिकाबाई म्हणाल्या.

त्याने पाना उगारला. तिसऱ्या घावाला पेटी निखळली, चिठ्ठ्यांचा ढीग पाण्यात पडला आणि मागच्या कोनाड्यात व्हॉल्व्हचं लाल चाक दिसलं. त्याने ते आवळलं. पाणी थांबलं.

दिवाणखाना टाळ्यांनी दणाणला. हळुवारकाका तर हुंदके देऊन रडले. "शोधलंन हो! आपलं आपण शोधलंन!" पायाशी चिठ्ठ्या तरंगत होत्या. ताईच्या अकरा धरून चाळीसेक असतील. सगळ्यांवर 'नळ गळतोय' एवढंच होतं. एकीवर मात्र 'पेटी उघडा' असं होतं.

ब्याण्णवपैकी एकतीस एप्रन वाचले. इस्पितळाची गाडी आली, रिकामी परत गेली आणि ऑर्डर दुसरीकडे गेली. संस्थेने ताईला कळवलं की गमावलेल्या कपड्यांना निरोप देण्यासाठी खास वर्तुळ भरवता येईल, येताना चेंडू स्वतःचा आणावा.

प्लंबरला 'युवा प्रेरणादूत' नेमलं. तो आधी नाहीच म्हणत होता. पण एका सभेत त्याने भिंतीला कान कसा लावला ते सांगितलं आणि तीनशे माणसं उभी राहिली. टाळ्या कोणाला कडू लागतात? महिन्याभरात त्याच्या गळ्यात उपरणं आलं, आवाज खाली गेला. नळ दुरुस्तीला मात्र वेळ मिळेना.

"माझं छत कधी करतोस रे?" एके दिवशी ताईने विचारलं.

त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले. "ताई, तुला काय वाटतं?"

तिने शिवणाची लाकडी पट्टी त्याच्या पाठीत अशी हाणली की तिचे दोन तुकडे झाले. मग तिने हात पुढे केला. "माझा पाना परत दे." त्याने दिला. खाली मान घालून दिला, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. छत आणि पाइप तिने स्वतः शिकून दुरुस्त केले.

परवा संस्थेचा वार्षिक समारंभ झाला. सभागृह गच्च भरलं होतं. प्रेरणादूत बोलत असताना तिसऱ्या रांगेवर छतातून पाणी ठिबकायला लागलं. तुमच्याच खुर्चीवर. तुम्ही खुर्ची शेजाऱ्याच्या बाजूला जरा सरकवलीत आणि टाळ्या चालू ठेवल्यात. तेवढ्यात मागच्या दारातून एक बाई हातात पाना घेऊन आली आणि तिने मोठ्याने विचारलं, "इथला व्हॉल्व्ह कुठे आहे?"

तुम्हाला तो माहीत होता. येताना त्याच्याच चाकाला तुम्ही छत्री अडकवली होतीत. तरीही तुम्ही मान किंचित कलती केलीत, मायेने हसलात आणि म्हणालात, "तुम्हाला काय वाटतं?"