लायल वोंद्राची पावडर

लायल वोंद्राचा बंदुकीच्या पावडरचा जुना डबा संपत आला होता, आणि तसला डबा आता कुठेही मिळणार नव्हता. बनवणाऱ्यांनी ती बनवायचीच बंद केली होती. एकतीस वर्षं लायल तळघरात बसून आपल्या पिस्तुलाची काडतुसं स्वतः भरत आला होता. रिकाम्या पुंगळ्या पुसायच्या, मापाच्या नळकांड्यातून पावडर टाकायची, वर गोळी दाबून बसवायची. दुकानातली तयार काडतुसं वापरणारा माणूस त्याच्या लेखी माणसांत जमाच नव्हता.

एरवी दुसरी पावडर आणली असती आणि विषय मिटला असता. पण यंदा नेमबाजी क्लबाच्या कप्तान ग्लेनिसबाईंनी त्याला बाजूला घेतलं होतं. बाई निवृत्त पीटी शिक्षिका. शिट्टी सुटली होती, आवाज तोच होता.

"लायल, तीन वर्षं झाली, तीनशेपैकी दोनशे साठच्या वर तू काही सरकत नाहीस. शेजारच्या गावाशी सामना आहे, त्यात दोनशे सत्तर कर, नाहीतर पुढच्या वर्षी माझ्या शेजारी टेबलाशी बस आणि इतरांचे गुण लिही. पेन्सिल मी देईन."

अडुसष्ट वर्षांच्या माणसाला असं बोलतात का? संघ गेला तर उरलं काय? टीव्ही आणि गुडघेदुखी. हात थरथरतो हे मान्य करणं काही शक्य नव्हतं. तेव्हा दोष पावडरचाच, असं त्याने ठरवून टाकलं.

ओडेलच्या बंदुकांच्या दुकानात फळीवर वीसेक डबे ओळीने उभे होते.

"कुठली देऊ?" ओडेलने विचारलं.

"चांगली दे."

"सगळ्या चांगल्याच आहेत. वाईट आहे म्हणून कोणी विकतं का?"

तेवढ्यात नॉर्बर्ट कुचेरा आला. नॉर्बर्ट म्हणजे सहा वर्षं सलग क्लबाचा पहिला नंबर. पावडरच्या बाबतीत तो बोलला की बाकीचे गप्प बसत. "ही घे," तो म्हणाला, "स्वच्छ जळते." लायलने घेतली. पुढच्या आठवड्यात नॉर्बर्ट म्हणाला, "ती? छे! हवा गार झाली की आळसावते. ही घे." लायलने तीही घेतली. त्यानंतर आणखी एक.

ऑगस्ट असा गेला. एका पावडरने गोळ्या डावीकडे, दुसरीने उजवीकडे, आणि तिसरीने एवढा धूर की निशाण राहिलं बाजूला, शेजारी उभा असलेला माणूसही दिसेना. त्यात आणखी एक भानगड. बायको, आर्लीन, जेवायला हाक मारायची, हा वर जायचा, आणि परत आल्यावर मापात कुठली पावडर घातली होती तेच आठवायचं नाही. सगळ्या मेल्या करड्या! आणि नियम कडक, खात्री नसेल ती पावडर फेकून द्यायची. क्लबातले सगळे ती फुलझाडांना खत म्हणून घालत. लायलही बायकोच्या डेलियांच्या वाफ्यात मूठमूठ पसरून यायचा, वर माती ओढायचा. असे तिन्ही डबे तळाला गेले.

सामना शनिवारी. गुरुवारी दुपारी लायलने काळजावर दगड ठेवून जुना डबा खाली काढला. त्यात नेमक्या साठ काडतुसांची पावडर उरली होती, आणि सामन्याला साठच लागत. त्याने ती मापात ओतली आणि फोन वाजला.

"लायल, ऐक," नॉर्बर्ट म्हणाला. "मी नीट विचार केला. तुला ती पहिलीच बरी. थोडी उरलीय का?"

"असेल की."

"बघ बरं, दाणा कसा आहे?"

फोन मानेत धरून लायलने पहिला डबा शोधला, झाकण काढलं, आणि हाताच्या सवयीने उरलेली पावडर सरळ मापात ओतली. जुन्या पावडरवर.

"लायल? बारीक आहे की जाड? अरे, रडतोयस का?"

मिसळलेली पावडर काही कामाची नाही, उलट हात उडवायची. साठच्या साठ काडतुसांची पावडर डेलियांत गेली. नवी आणावी तर पारखायला दिवस नाहीत. दुसऱ्याने घरी भरलेलं काडतूस तर आपल्या पिस्तुलात कधी घालायचंच नाही. मग राहिलं काय? शुक्रवारी लायल टोपी डोळ्यांवर ओढून चाळीस मैल गाडी हाकत गेला, अनोळखी दुकानातून तयार काडतुसं घेऊन आला आणि आपल्या लाकडी पेटीत एकेक करून लावली. चोरी करतानाही इतकी लाज वाटली नसती.

शनिवारी त्याने दोनशे चौऱ्याहत्तर केले.

"शाब्बास!" ग्लेनिसबाई ओरडल्या. "सापडली म्हणायची पावडर!" लोक पाठ थोपटत होते आणि लायल मनात हिशेब करत होता. एकतीस वर्षं! एकतीस वर्षं त्याने तळघरात बसून आपलीच गोळी वाकडी केली होती.

पुंगळ्या वेचायला तो घाईने वाकला, पण एक नॉर्बर्टच्या हाती लागली. तिच्या तळाभोवती कारखान्याची लाल लाख होती. नॉर्बर्टने इकडेतिकडे पाहिलं आणि ती खिशात टाकली.

"कुठून आणलीस?" तो कुजबुजला. "चाळीस मैलांवरून? वेडा आहेस. तिथे कोणीतरी बघेल. मी साठ मैल जातो. सहा वर्षं झाली."

"मग तू दर महिन्याला डबा नेतोस तो?"

"माझ्या बायकोची, एडनाची, फुलं पाहिली नाहीस का?"

घरी येऊन लायल स्वयंपाकघरात मटकन बसला. "अगं, संघात राहिलो. पण माझं आयुष्य फुकट गेलं," तो म्हणाला, आणि आर्लीनला सगळं सांगितलं. "आता तळघरात माझं काही काम नाही. उद्यापासून वरच बसेन, तुझ्याजवळ."

कांदा चिरता चिरता आर्लीनचा हात थांबला. एकतीस वर्षं दुपारी दोन ते सहा हे घर तिचं एकटीचं होतं.

"वर? रोज?"

"रोज. तू कांदा एवढा जाड का चिरतेस गं? मी कधी नीट बघितलंच नव्हतं."

आर्लीनने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि गाडीची किल्ली उचलली.

ओडेल दुकान बंदच करत होता. "वहिनी, तुम्ही? कुठली देऊ? लायल तर आख्खा ऑगस्ट इथे उभा होता, त्याचं काही ठरेना."

"ती, वरच्या फळीवरची. डावीकडून तिसरी," आर्लीन म्हणाली. "तिच्यावर डेलिया बशीएवढे आले. दोन डबे द्या, एक बागेला आणि एक नवऱ्याला."