उपग्रह : अर्थ तिसरा

शब्दकोशाच्या कचेरीत त्या दिवशी सगळं अडलं ते 'उपग्रह' या शब्दापाशी. पहिले दोन अर्थ बिनबोभाट पार पडले. ग्रहाभोवती फिरणारा गोल, चंद्रासारखा. आणि माणसानं वर सोडलेलं यंत्र, ज्याच्या भरवशावर हवामानाचे अंदाज चुकतात. घात केला तिसऱ्या अर्थानं : 'बड्या माणसाभोवती सतत घुटमळणारी, स्वतःचा उजेड नसलेली व्यक्ती.'

लिहिला होता सहायकानं. बिचारा एकतीस वर्षं एकाच खुर्चीत शब्द गोळा करत बसला होता आणि महिनाअखेर निवृत्त होणार होता. या खंडाच्या पहिल्या पानावर आपल्या नावाखाली त्याचंही नाव छापायचं, असं संपादकांनी कबूल केलं होतं. बायकोनं त्या पानासाठी फ्रेमसुद्धा आणून ठेवली होती.

संपादकांचा दंडक असा, की प्रत्येक अर्थाला उदाहरण हवं आणि तेही डोळ्यांसमोरचं. शिवाय छपाईआधी पानावर कचेरीतल्या प्रत्येकाची सही. सहायकानं मान वर केली, तर संपादकांचा मेहुणा त्यांचा चष्मा पुसत उभा. यानं लिहून टाकलं, 'मेहुणा हा संपादकांचा उपग्रह आहे.' नंतर बदलू म्हणाला आणि विसरला. पान सहीला गेलं ते थेट मेहुण्याकडेच.

"हे काय हो? मला उजेड नाही?" मेहुणा लालबुंद झाला.

"तसं नाही हो, आपलं नमुन्यादाखल..."

"भाऊजींना सांगतो. पहिल्या पानावरनं तुमचं नाव उडतं की नाही बघा!"

सहायकानं लगेच पान ओढून घेतलं. 'मेहुणा' खोडून त्यानं 'शिपाई' केलं. शिपाई उसळलाच. "मी घुटमळतो? साहेबांनी तीनदा घंटी वाजवली तरी मी जागचा हलत नाही. विचारा कुणालाही!"

ते खरंच होतं. मग 'टायपिस्ट' केलं, तर बाईंनी टाइप करायलाच नकार दिला. "सासूबाईंनी वाचलं म्हणजे? आधीच त्यांना माझी नोकरी खुपतेय."

पाच वाजत आले. छापखान्याचा माणूस दाराशी ताटकळत होता. कागदाला खोडून खोडून भोक पडायची वेळ आली. शेवटी सहायकानं उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, 'सहायक हा संपादकांचा उपग्रह आहे.'

याला मात्र कुणाचीच हरकत नव्हती. तिघांनी पटापट सह्या ठोकल्या. सहायकाला फार वाईट वाटलं. निदान एकानं तरी 'छे हो, काहीतरीच काय' म्हणायला हवं होतं.

संपादकांनी पान दोनदा वाचलं.

"वा! एकतीस वर्षांत इतकं चपखल उदाहरण आलं नव्हतं."

सहायकाचा जीव भांड्यात पडला. "मग साहेब, पहिल्या पानावर माझं नाव...?"

"अहो, आता ते कशाला?" संपादक मायेनं म्हणाले. "खंडात तुमचा उल्लेख आलाच की!"

घरी बायको फ्रेम पुसून बसली होती. "आलं का नाव?"

"नाव नाही. पण मी आलोय." त्यानं खिशातली पानाची प्रत पुढे केली.

तिनं चष्मा लावून तिसरा अर्थ सावकाश वाचला. तिचे डोळे भरून आले.

"स्वतःचा उजेड नसलेली? कुणा मेल्यानं लिहिलं हे?"

"मीच," तो म्हणाला.