गजभिये बाईंना पार्सल मंजूर नाही

खाऊन झालेल्या माणसाला गजभिये बाई 'उतरा' म्हणतात.

नागपुरात जरीपटक्याच्या चौकातून थोडं पुढे गेलं की अन्वरभाईंचा सीख कबाबचा ठेला लागतो. हिरवी पाटी, तिच्यावर 'हलाल' हा शब्द देवनागरीत आणि उर्दूत, आणि खाली लांबट शेगडीत फुललेला कोळसा. दिवे लागले की तिथे जी गर्दी होते तिच्यात कोणी रिकामी प्लेट धरून मित्राशी गप्पा मारत उभा राहिला, की मागून खणखणीत आवाज येतो.

"झालं ना गा तुझं खाऊन? उतर मग! मागचे चढून राहिले ना!"

नवखा माणूस आधी पायांखाली बघतो. उतरायचं कशावरून, हे त्याला कळत नाही. पण आवाजात असं काही असतं की तो मुकाट्याने बाजूला होतो आणि मागचा खरोखरच चढतो.

इंदूताई गजभिये आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतात. अख्खी नोकरी त्यांनी लाल बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली. नागपूर–कुही म्हणू नका, कामठी म्हणू नका, सगळे रस्ते त्यांच्या पायांखालून गेलेले. रिटायर झाल्यावर लोक बागेत फिरतात, विहारात जातात. बाई विहारातही जातात, पण तिथे सगळे आधीच रांगेत बसलेले असतात. तिथे बाईंना काही काम उरत नाही. ठेल्यावर उरतं.

ठेल्यावरचा त्यांचा कायदा ठरलेला आहे. शेगडीसमोर कोणी आडवं उभं राहायचं नाही, कारण ते 'दार' आहे. ज्याची ऑर्डर झाली त्याने 'आत सरकायचं'. मोठ्या पिशव्या खांद्यावरून काढून पायाशी. आणि पार्सल मागायचं नाही. पार्सल या शब्दाने बाईंच्या कपाळावरची शीर उडते.

"सीख कागदात गुंडाळली, पिशवीत घातली, की तिले घाम येते," त्या समजावून सांगतात. "घामेजलेली सीख तुम्ही घरी नेऊन खाता अन् मंग म्हनता, अन्वरभाईची सीख काही खास नाही लागली. अरे, तुम्ही तिचं काय करून ठेवलं ते सांगा ना आधी!"

एकदा एका लांबलचक गाडीचा ड्रायव्हर आला. साहेब गाडीत आहेत, पार्सल द्या, म्हणाला. बाई तडक गाडीपाशी गेल्या आणि काच वाजवली. आता साहेबाची खैर नाही म्हणून आम्ही सगळे माना उंचावून बघायला लागलो. काच खाली झाली. बाईंनी आत वाकून पाहिलं आणि तशाच परत आल्या. साहेबाचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. बाईंनी शेगडीवरची सीख स्वतः प्लेटमध्ये काढून घेतली, लिंबू पिळलं, वर दुसरी प्लेट उपडी घातली आणि जवळजवळ धावत गाडीपर्यंत नेली. "याले सवलत आहे," एवढंच म्हणाल्या.

कॉलेजच्या एका पोराने एकदा पाटीकडे बोट दाखवून विचारलं, "मावशी, हलाल म्हणजे आपल्याले चालते का?"

"पोट आहे ना तुले?"

"आहे."

"मंग चालते. देवाचं नाव घेऊन कापलेलं आहे, साफ धुतलेलं आहे. तुह्या मेसमधल्या भाजीवर कोनी नाव घेते का कोनाचं? चढ."

आमची मंदा, म्हणजे माझी बायको, पूर्वी ठेल्यावर येत असे ती गाडीत बसून. मी प्लेट न्यायची, तिने काच अर्धी खाली करून घ्यायची. हे बाईंच्या दृष्टीला पडलं त्या संध्याकाळी काचेवर टकटक झाली.

"मंदा, उतर वं खाली."

"नको ताई. माणसंच माणसं आहेत तिथं."

"मानसं तं बसमध्येबी असतात. मंग तू काय टपावर बसून जातं का?" आणि वळून त्यांनी अशी आरोळी दिली की पलीकडच्या पानठेल्यावरचा रेडिओ कोणीतरी बारीक केला. "शेगडीजवळची जागा महिलांसाठी राखीव! उठा, उठा!"

तिथे कोणी बसलेलं नव्हतंच, पण दोन धट्टेकट्टे गडी दचकून बाजूला झाले. मंदाने शेगडीवरून उतरलेली सीख तिथेच उभी राहून खाल्ली, जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं आणि ती म्हणाली, "अय्या, हे असं लागतं होय?" तेव्हापासून ती माझ्या आधी खाली उतरते. ते पाहून आणखी बायका उतरल्या. आता शेगडीच्या डाव्या हाताला बायकांचा घोळका असतो आणि त्यांच्यात सगळ्यात मोठ्याने हसणारी आमची मंदा असते.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका संध्याकाळी बाईंनी पहिला घास घेतला आणि प्लेट खाली ठेवली.

"अन्वर, आज खिमा कोनी मळला?"

"मौसी, क्या हुआ? कम-ज्यादा हुआ क्या कुछ?"

"कोनी मळला ते सांग."

अन्वरभाई म्हणजे भरघोस दाढीचा, भरघोस हसणारा माणूस. पण ते त्या वेळी चिमट्याने निखारे उगाचच इकडून तिकडे करू लागले. "मैंनेच मिलाया. नसीमा के हाथ को मोच आई है ना."

नसीमा म्हणजे त्यांची बायको. आम्हा सगळ्यांना हा धक्काच होता. आमची इतक्या वर्षांची समजूत, की ही चव अन्वरभाईंची. वाहवा त्यांची व्हायची आणि तेही ती मान डोलावून घ्यायचे.

"म्हनजे रोज ती मळते?"

"हौ. पहले से. कामठी में घर पे मिलाती, मैं लेके आता. मेरे को तो सिर्फ सेकना आता, मौसी."

"अन् ती इथं येते का कधी खायले?"

"यहां? यहां कायको?"

"मंग गरम कुठं खाते?"

अन्वरभाई विचारात पडले. हा प्रश्न त्यांना आयुष्यात कोणी विचारला नव्हता. "बचा तो घर ले जाता हूं," ते म्हणाले. मग ठेल्यापुढच्या गर्दीकडे बघून त्यांनीच पुढे जोडलं, "लेकिन बचता कहां है."

"तिले घेऊन ये."

"नहीं मौसी. घर की औरत ठेले पे अच्छी नहीं दिखती."

"मी काय मंग रस्त्यावरची बाई आहो? ही मंदा कोनाच्या घरची आहे?"

"वैसा नहीं मौसी, तुम तो ग्राहक है..."

त्या संध्याकाळी बाई कोणाला 'उतरा'सुद्धा म्हणाल्या नाहीत. लोक प्लेटा धरून वाटेल तिथे उभे राहिले, पिशव्या एकमेकांत अडकल्या, एकाची चटणी दुसऱ्याच्या शर्टावर सांडली.

काही दिवसांनी, रविवारी दुपारी, मी जेवून आडवा होतो तोच बाई दारात. "भाऊ, गाडी काढा. कामठीले जायचं आहे." मला नाही म्हणायला संधी मिळाली नाही. मंदा तर चपला घालून तयारच होती.

अन्वरभाईंचं घर पॉवरलूमच्या गल्लीत. खटाखटा आवाजात प्रत्येकाला एक पट्टी वर चढवून बोलावं लागत होतं, त्यामुळे बाईंना अगदी घरच्यासारखं वाटलं. अन्वरभाई बाजारात गेले होते. नसीमा भाभी मोठ्या परातीपुढे बसलेल्या. मुरगळलेल्या मनगटाची पट्टी आता निघाली होती, चष्मा नाकावर घसरलेला, हात कोपरापर्यंत खिम्यात. किसलेला कांदा फडक्यात पिळून त्यातलं पाणी काढत होत्या.

बाईंनी ओळख करून दिली ती अशी: "मी तुह्या हातचं रोज खानारी."

भाभी हसल्या. "मौसी ना? आपका नाम रोज सुनती मैं. इनको लाइन में खडा करती ना तुम."

"तू काहून नाही येत वं तिथं?"

"कोनी बोलवलंच नाही," भाभी अचानक छान मराठीत म्हणाल्या. "अन् माझं काय अडून राहिलं? तव्यावर जरासा तुकडा भाजून नमक पाहून घेते मी."

"तुकडा! अवं, अख्ख्या नागपूरले खाऊ घालतं अन् तू तुकडा खातं?" बाईंचा आवाज लूमच्या वर गेला. "शुक्रवारी मी घ्यायले येते. तू माझी पाहुनी. मालकीन म्हनून येऊ नको, गिऱ्हाईक म्हनून ये."

भाभींनी परातीकडे पाहिलं, मग चष्मा दंडाने वर सरकवला. "आऊंगी," म्हणाल्या. "पण यांना सांगू नका."

शुक्रवारी दिवे लागले तशी कामठीकडून येणारी शेअर ऑटो ठेल्यासमोर थांबली. आधी बाई उतरल्या, मग काळा बुरखा, चष्मा आणि हातात पर्स घट्ट धरलेल्या नसीमा भाभी. अन्वरभाई सीख उलटवत होते. त्यांचा हात तसाच अधांतरी राहिला.

"नसीमा? घर पे सब ठीक?"

"सब ठीक आहे," बाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक आहे. रांगेत आहे. तू तुह्यं काम कर."

आणि खरोखरच बाईंनी त्यांना रांगेतून नेलं. मालकाची बायको म्हणून पुढे घुसवलं नाही. रांगेत कुजबुज पसरत गेली की खिमा मळणाऱ्या भाभी आल्या आहेत. नंबर आला. अन्वरभाईंनी सगळ्यात जाड सीख निवडली, प्लेट दोनदा पुसली, कांदा मांडला, लिंबू ठेवलं आणि ती प्लेट दोन्ही हातांनी बायकोपुढे धरली. इतकी अदब त्यांनी लग्नातही दाखवली नसेल.

भाभींनी तुकडा मोडला आणि तोंडात घातला. सगळे थांबले. ज्यांच्या तोंडात घास होते ते चावायचे थांबले.

भाभींनी दुसरा घास घेतला नाही. त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

"ये मेरा खिमा है?"

"हौ."

"चरबी किसलिए डालती मैं उसमें? कोयले पे टपकाने के लिए? इतना सुखा डाला! लकडी बना दी उसकी!"

अन्वरभाईंनी मान खाली घातली आणि दाढीत पुटपुटले, "इसीलिए तो नहीं लाता था."

आणि मग जो हशा उसळला तो चौकापर्यंत गेला असेल. बाई तर टाळीच वाजवायला लागल्या. "अरे बाप्पा! अन् मले म्हने घरची बाई ठेल्यावर चांगली नाही दिसत! तू तं भेऊन राहिला होता तिले!"

भाभींनी प्लेट मंदाच्या हातात दिली, पर्सही दिली, बाह्या सरसावल्या आणि ठेल्याला वळसा घालून शेगडीमागे गेल्या. अन्वरभाई न सांगता बाजूला झाले आणि त्यांनी पंखा हातात घेतला. भाभींनी निखारे पसरले, मध्ये जागा मोकळी केली, नव्या सीखा लावल्या. बोटांनी सळया फिरवत राहिल्या, एकदाही नजर न हलवता. आम्हाला वाटलं अजून कच्च्याच आहेत, तोवर त्यांनी उतरवल्याही.

पहिली सीख त्यांनी बाईंपुढे केली. बाईंनी हात मागे घेतला. "नाही. आधी तू."

भाभींनी शेगडीपाशी उभं राहूनच खाल्ली. डोळे मिटले. निखाऱ्याचा उजेड त्यांच्या चष्म्यावर होता. "हां," त्या म्हणाल्या. "ये है."

मग आम्हाला मिळाली. काय सांगू! बोट लावताच सुटत होती, आतून रस, वरून जराशी खरपूस कड. इतकी वर्षं आम्ही जिची वाहवा करत आलो ती म्हणजे नुसती झलक होती. मागून कोणीतरी शिट्टी मारली. कॉलेजची पोरं "भाभी! भाभी!" करायला लागली. एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत होते, आणि ते धुरामुळे असं शपथेवर सांगत होते. अन्वरभाई पंखा घालत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, की जणू ही सगळी करामत त्यांनीच घडवून आणली.

आता दर शुक्रवारी भाभी येतात आणि शुक्रवारी चौकापर्यंत रांग लागते. इतर दिवशी अन्वरभाई एकटे असतात, पण सीख उतरवायच्या वेळी ते सवयीने मोठ्याने विचारतात, "निकालूं क्या?" आणि कोणी काही म्हणायच्या आत काढून मोकळे होतात. सीख पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली झाली आहे.

त्या पहिल्या शुक्रवारी भाभी परत निघाल्या तेव्हा ऑटोत बसताना त्यांनी बाईंचा हात धरला. "मौसी, तुम्हारे घर में कौन-कौन है?"

प्रत्येक गोष्टीला तयार उत्तर असलेल्या बाई जराशा अडखळल्या. "मी आहो ना," त्या म्हणाल्या आणि ऑटोवाल्याला ओरडल्या, "चल गा, काय पाहून राहिला!"

घरी येताना त्या गाडीत मागे बसल्या होत्या. बिल्डिंगमध्ये आलो. रोज त्या दार उघडून आत जातात आणि कडी लावतात. त्या दिवशी दार उघडून तशाच उभ्या राहिल्या.

"बस ना वं मंदा थोडं. तुम्हीबी बसा भाऊ. चाय मांडते."

इतक्या वर्षांत आम्ही त्यांच्या घरात कधी गेलो नव्हतो. खोली लख्ख होती. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, एक खुर्ची, एक पलंग. मी खुर्चीवर बसलो, मंदा पलंगावर. आतून भांड्यांचा आवाज आला, मग थांबला. मग बाईंचा आवाज आला, इतका हळू की चौकाला हलवणारा तो आवाज हाच का, असं वाटलं.

"मंदा, घरून दोन कप आनतं का वं? माझ्याजवळ एकच आहे."

मंदा वर गेली आणि आमच्या लग्नातल्या सेटमधले दोन कप घेऊन आली. चहा फार गोड होता. आम्ही प्यायलो. नसीमा भाभी, चरबी, अन्वरभाईंचा चेहरा, सगळं पुन्हा एकदा बोलून झालं, पुन्हा एकदा हसून झालं. मी उठलो आणि कप उचलायला लागलो.

मंदाने ते माझ्या हातातून घेतले. मोरीत विसळले आणि बाईंच्या कपाशेजारी फळीवर उपडे घातले.

"अवं, विसरून राहिली तू कप," बाई म्हणाल्या.

"नाही ताई. असू द्या इथंच."

बाईंनी फळीकडे पाहिलं. मग आमच्याकडे पाठ केली आणि गॅस पुन्हा पेटवला.

"मंग बसा," त्या म्हणाल्या. "अजून अर्धा-अर्धा घ्या."

आम्ही बसलो.