तीन हातांची शेवंता

आखाडा बाळापूरच्या बाजारात आजही कुणी "ए कॅल्शियम!" अशी हाक मारली, की दोन लेकरांची आई असलेली मी गपकन मागं वळते. ही सगळी कृपा खिल्लारे सरांची!

शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराला सर आम्हाला दहावीला रसायनशास्त्र शिकवायचे. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एकेक मूलक वाटून टाकायचे. कुणी सोडियम, कुणी क्लोराइड, मी कॅल्शियम. मग वर्षभर तेच नाव. आमच्या बापानं बारशाला उगाच खर्च केला.

रेणुसूत्रं फळ्यावर नाहीत, मैदानात. जितकी संयुजा तितके हात. सोडियमला एकच, म्हणून त्याचा दुसरा हात खिशात. मला दोन. फॉस्फेटला तीन, म्हणून फॉस्फेट कायम लांब केसांच्या पोरी. तिसरा हात म्हणजे वेणी! धातूनं आधी उभं राहायचं, जोडीदारानं नंतर, आणि सगळ्यांनी हात धरायचे. पोरापोरींच्या मधे रुमाल धरायची सवलत होती. सर शिट्टी फुंकत फिरायचे. "एकबी हात रिकामा राह्यला न्हाई पाहिजे! हात रिकामा, की सूत्र चुकलं."

एकदा रस्त्यानं जाणाऱ्या म्हातारीनं विचारलं, "काहून सर, लगीन हाय काय?"

"व्हय मावशी. कॅल्शियमचं, दोन क्लोराइडसंगं."

दोन्ही क्लोराइड पोरं, आणि कॅल्शियम मी! ही बातमी माझ्याआधी घरी पोचली होती.

दिवाळीनंतर शाळा भरली. त्या दिवशी कॅल्शियम फॉस्फेट करायचं होतं. आम्ही तीन कॅल्शियम उभ्या राहिलो, पण दोनपैकी एकच फॉस्फेट आलं. दुसरी, तांड्यावरची शेवंता, गायब. तिचं घर ऊसतोडीला निघालं होतं. वर्गात सगळ्यात हुशार पोरगी, आणि तिची दहावी चालली उसाच्या फडात.

"सर, मी होतो फॉस्फेट," सोडियम म्हणाला.

"तू गप सोडियमच राह्य."

सरांनी आमच्या तीन रिकाम्या हातांकडं पाहिलं, शिट्टी खिशात टाकली आणि लुना काढली.

पुढचं शेवंतानंच सांगितलं. ट्रकमध्ये सामान चढलेलं. तिचा बाप म्हणाला, "पोरीला एकटी कुठं ठेवू, सर?"

"एकटी काहून? माझ्या घरी."

"बाईंना तकलीफ होईल."

"बाईनंच धाडलं मला."

शुद्ध थाप! सरांच्या घरी काकूंना पत्ताही नव्हता. पण लुना दारात थांबली तशी काकूंनी काही न विचारता पोरीच्या हातातली पिशवी घेतली.

सर-काकूंना लेकरू नव्हतं. त्याबद्दल दोघं कधी बोलायचे नाहीत. त्या हिवाळ्यात मात्र सर बाजारात लाल रिबिनी निवडताना दिसायचे, आणि रंगावरून दुकानदाराशी भांडायचेसुद्धा.

काकूंच्या हातचं दही खाऊन शेवंता परीक्षेला बसली. पेपर झकास गेले. मग ऊस संपला, आईबाप तिला न्यायला आले. आम्ही मैत्रिणी पोचवायला गेलो. काकू पदरानं डोळे पुसत होत्या. एरवी अख्खं मैदान डोक्यावर घेणारे सर दोन्ही हात पाठीमागं बांधून गप उभे.

जीपमध्ये एक पाय ठेवलेली शेवंता खाली उतरली.

"सर, हात मागं काहून? रिकामा हात चालत न्हाई ना?"

तिनं एका हातानं काकूंचा हात धरला, दुसऱ्यानं सरांचा. मागं तिची आई वेणीची सुटलेली रिबीन बांधत होती. सर लहान पोरासारखे रडत होते. जीपवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला, पण सरांनी काही हात सोडला नाही.