नऊ खिडक्यांचा पट्टा

आशय देवपुजारी गुरुवारपासून घरातल्या माणसांकडे वेगळ्याच नजरेनं बघत होता. कोण किती पोळ्या घेतो, दुसऱ्यांदा भात कोण मागतो, ताटात कोण काय टाकतो, सगळ्यावर त्याचं लक्ष होतं. नवा रायपूरच्या सांख्यिकी विभागात बारा वर्षं काढलेला माणूस तो. अख्ख्या जिल्ह्यात धान किती पिकेल याचा अंदाज शेतावर न जाता सांगायचा. आता त्याला रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या आपल्या घरातली पाच माणसं एका दिवसात किती खातील, एवढंच सांगायचं होतं आणि तेच जमत नव्हतं.

कारण होतं खुशीवन. तेलीबांध्याच्या पुढे, नव्या राजधानीच्या वाटेवर हे पाळण्यांचं आणि पाण्याच्या खेळांचं मोठं पार्क नुकतंच सुरू झालं होतं. नऊ वर्षांच्या अनुश्रीनं रविवारी तिथे जायचं वचन बापाकडून काढून घेतलं होतं. तिकिटं काढायला आशय बसला तेव्हा खाली एक चौकट आली. तिच्यात 'अन्नपूर्णा पट्टा' होता. पैसे आधी भरायचे, मनगटावर कागदी पट्टा बांधायचा आणि दिवसभरात पार्कमधल्या नऊ खिडक्यांवर प्रत्येकी एक ताट खायचं. ज्याचा पट्टा त्यानंच खायचं. उरलं तर पैसे परत नाहीत. घरचा डबा आत न्यायचा नाही. आणि पट्टा दारावर मिळत नाही, शनिवारपर्यंतच घ्यावा लागतो.

"घेऊन टाका न," इरावती म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची, पण घरी गणित करायची तिची तयारी नसे. "एवढा काय विचार करून राहिले?"

"अगं, नऊ ताटं! प्रत्येकाले झेपली पाहिजेत न?"

"माझ्या नावावर चौघांचं घाल," अच्युतराव खुर्चीतून म्हणाले. ते आशयचे वडील. रेल्वेत गार्ड होते, आणि बिलासपूर ते नागपूर कोणत्या स्टेशनावर काय चांगलं मिळतं हे त्यांना सिग्नलांपेक्षा जास्त पाठ होतं. "मी शनिवारी संध्याकाळपासूनच जेवत नाही. पोटात जागा करून ठेवतो."

"मुझे बस आइसक्रीम," अनुश्री म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीतून यायचं.

राहिल्या कुमुदताई, आशयच्या आई. इरावती सकाळी सातला शाळेत जाई, त्यामुळे स्वयंपाकघर त्यांच्याच हातात. सहासष्ट वर्षांच्या, अंगानं काडी. एक पोळी, चमचाभर भाजी, आणि "झालं माझं". घरात सगळे म्हणायचे, आईचं काय, चिमणीचा घास.

"मले कशाले पट्टा?" त्या म्हणाल्या. "तुम्ही खा. मी बसीन एखाद्या झाडाखाली."

आशयनं चार पट्टे घ्यायचं ठरवलं. पण चार सुटे घेण्यापेक्षा पाचांचा 'परिवार पट्टा' स्वस्त पडत होता. त्यानं ते तीनदा तपासून पाहिलं आणि पाचांचा घेतला. "आईचा पट्टा फुकटच जाणार आहे," त्यानं इरावतीला समजावलं, "पण फुकट घालवण्यात आपला फायदा आहे."

रविवारी दहाला ते पार्कच्या दारात उभे राहिले. अच्युतरावांनी शब्द पाळला होता. आदल्या संध्याकाळपासून पोटात अन्न नाही, सकाळी चहासुद्धा नाही. तेलीबांधा तलाव मागे पडेपर्यंत ते गाडीत तीनदा चिडले होते, एकदा तर उगाचच पुढच्या ट्रकवर.

दारातल्या मुलीनं पाचही मनगटांवर जांभळे पट्टे बांधले. पट्ट्यावर एक ते नऊ आकडे होते. जे ताट घेतलं त्या आकड्यावर भोक पडणार. "हे त आपल्या टीसीसारखं झालं," अच्युतराव खूश होऊन म्हणाले आणि पहिल्या खिडकीकडे जवळजवळ पळत गेले. तिथे पोहे-जलेबी होती. सोळा तासांच्या उपाशी पोटी त्यांनी ती चार मिनिटांत संपवली, आणि वेळ वाया जाऊ नये म्हणून शेजारच्या खिडकीवरचे छोले-भटुरे पाचव्या मिनिटाला सुरू केले.

इथपर्यंत सगळं हिशेबानुसार चाललं होतं. मग अनुश्रीनं आजोबांचा हात धरला. "आजोबा, वो वाला झूला!"

तो पाळणा म्हणजे एक मोठं जहाज होतं. ते आधी नुसतं झुलायचं आणि मग माणसाला आपले पूर्वज दिसेपर्यंत वर जायचं. अच्युतराव, इरावती आणि अनुश्री तिघं चढले. पाच मिनिटांनी अनुश्री उड्या मारत उतरली. इरावती कठड्याला धरून उतरली. अच्युतरावांना दोघांनी उतरवलं.

"बाबा, काय झालं?"

"काही बोलू नको," अच्युतराव डोळे मिटून म्हणाले. "आणि भटुऱ्याचं नाव घेऊ नको."

त्यांना कडुनिंबाखालच्या बाकावर आडवं केलं. इरावती दुसऱ्या बाकावर डोकं धरून बसली. लिंबूपाणी आणलं, ते कोणालाच गेलं नाही. अनुश्रीला त्याच जहाजात पुन्हा जायचं होतं आणि एकट्या मुलीला आत घेत नव्हते, म्हणून आशय गेला. पोटात मघाशी खाल्लेले छोले आणि डोक्यात तीन मोठ्या माणसांची सत्तावीस ताटं घेऊन तो जो वर गेला, तो उतरल्यावर तिसऱ्या बाकाचा मालक झाला. अनुश्रीनं मधल्या वेळात नवव्या खिडकीवरची कुल्फी खाऊन घेतली, दुसरी मिळत नाही हे कळल्यावर भोकाड पसरलं, आणि बाकी आठ खिडक्यांकडे ढुंकूनही बघायचं नाही असं जाहीर केलं.

साडेबारा वाजले. आशयनं पडल्या पडल्या मनगटांकडे पाहिलं. बाबांची दोन भोकं, त्याचं एक, इरावतीचं एक, पोरीचं एक. धानाचा अंदाज एवढा चुकला असता तर विधानसभेत प्रश्न आला असता.

"आई कुठं आहे?" इरावतीनं अचानक विचारलं.

आईला पिशव्यांजवळ बसवलं होतं. पिशव्या होत्या. आई नव्हती.

आशय ताडकन उठला, पुन्हा बसला आणि मग हळू उठला. आईजवळ मोबाइल नव्हता. त्यानं चौकशीच्या खोलीत जाऊन घोषणा करवली. "चौबे कॉलोनी से आई हुई कुमुद देवी जहाँ भी हों, मुख्य द्वार पर आएँ." सगळ्या पार्कभर आवाज घुमला. दहा मिनिटं झाली तरी मुख्य दारावर कोणी आलं नाही. पाण्याचे एवढे हौद, एवढी गर्दी, आणि आई साधा रस्तासुद्धा कोणाचा तरी हात धरून ओलांडणारी.

तो खिडक्या खिडक्या विचारत निघाला. तिसऱ्या खिडकीवर तांदळाच्या पिठाचा चीला काढणारा हिरालाल म्हणून एक माणूस होता.

"दादी? दुबली-सी, हरी साड़ी?" हिरालाल म्हणाला. "हव, आई थीं न. चीला खाके गईं. बोलीं, चटनी में लहसुन कम है." त्यानं उलथणं खाली ठेवलं. "मैंने चखके देखा, भैया. सही में कम था."

आशयला काही उमगेना. चौथ्या खिडकीवरच्या कुसुमदीदीनं तर हात जोडले. "डोसा खाईं, दो बार सांभर माँगीं. बहुत प्रेम से खाती हैं आपकी माताजी."

"मेरी माताजी?" आशय म्हणाला. "नहीं, कोई और होंगी."

पाचवी खिडकी फऱ्याची, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या मुटक्यांची होती. तिथला माणूस नुसतं सहाव्या खिडकीकडे बोट दाखवून हसला.

सहाव्या खिडकीसमोर, पंख्याखालच्या टेबलाशी, कुमुदताई एकट्या बसल्या होत्या. समोर भरलं ताट होतं: पुलाव, दोन भाज्या, कढी, पुऱ्या, पापड. आशय हाक मारायला गेला आणि दोन पावलांवर थांबून बघतच राहिला.

आई जेवत होती. असं जेवताना त्यानं कोणालाच पाहिलं नव्हतं. घाई नाही, हावरेपणा नाही. पुरीचा तुकडा मोडायचा, भाजीत फिरवायचा, तोंडात घालून क्षणभर थांबायचं, जसं काही कोणी गोष्ट सांगत आहे आणि पुढचं वाक्य ऐकायचं आहे. कढीचा घोट घेतल्यावर भुवई किंचित वर गेली. म्हणजे कढी बरी होती. दुसरी भाजी खाताना मान हलली. म्हणजे काहीतरी चुकलं होतं, पण माफ होतं. पापड तिनं शेवटपर्यंत राखून ठेवला आणि मग लहान मुलीसारखा कडकन मोडला. ताट चाटूनपुसून स्वच्छ झालं. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि वळली तर मुलगा.

"किती वाजले रे?"

"एक वाजून गेला. आई, ते माइकवर तुझं नाव..."

"ऐकलं न. म्हटलं, कुमुद देवी म्हणजे कोणी मोठी बाई असन." ती चालू लागली. "चल, इथल्या तळ्याला एक चक्कर मारू. एक ताट, एक चक्कर. म्हून त बसते व्यवस्थित."

"आई, तुले त्रास होईन!"

"काहून होईन? मी कुठं त्या जहाजात बसली?"

पार्कमध्ये येऊन जेवणाची योजना वापरायची तर पाळण्यात बसू नये, ही साधी गोष्ट त्याच्या हिशेबात कुठेच नव्हती, आणि आईला ती कोणी न सांगता कळली होती.

दुपारी तीनला ती चाटच्या खिडकीवर होती, साडेचारला पावभाजीच्या. एव्हाना खिडक्या एकमेकींना फोन करत होत्या. हिरालाल आपला तवा सोडून बघायला आला. अच्युतराव बाकावरून उठून, पिशव्या घेऊन, बायकोच्या मागे चार पावलांवर चालत होते. बेचाळीस वर्षांत प्रथमच ती पुढे आणि सामान त्यांच्याकडे होतं. "चालती गाडी आहे," ते आशयच्या कानात म्हणाले. त्यांच्या आवाजात गार्डाचा आदर होता. "मधल्या एकाही स्टेशनावर लेट नाही."

साडेपाचला नवव्या खिडकीवर कुल्फीची काडी खाली ठेवली गेली. पट्ट्यावर नववं भोक पडलं आणि कोणीतरी टाळ्या वाजवल्या. पार्कचे मॅनेजर स्वतः आले. पार्क उघडल्यापासून एकानंही नऊ पूर्ण केली नव्हती, असं ते म्हणाले. त्यांनी फोटो काढला. "माताजी, कैसा लगा?"

"सब अच्छा था," कुमुदताई म्हणाल्या. मग जरा विचार करून, "कढ़ी वाले को बोलना, हाथ अच्छा है."

परतीच्या वाटेवर अच्युतराव आणि अनुश्री झोपले. गाडी चालवताना आशयला एक विचार छळत होता. आई रोज सगळ्यांच्या मागून जेवायची. पातेल्यात तेव्हा काय उरत असेल? म्हणजे इतकी वर्षं ती अर्धपोटीच उठत होती काय? त्यानं इरावतीला हळूच सांगितलं. तिचेही डोळे भरून आले.

सोमवारी संध्याकाळी दोघांनी कुमुदताईंना हाताला धरून सगळ्यांच्या आधी पाटावर बसवलं. इरावतीनं चार पोळ्या वाढल्या, भाजीची वाटी काठोकाठ भरली, वर तूप सोडलं. सगळे भोवती उभे राहिले.

कुमुदताईंनी एक पोळी खाल्ली, चमचाभर भाजी खाल्ली, आणि ताट सारलं. "झालं माझं."

"आई!" आशयनं ताट पुन्हा तिच्यापुढे सरकवलं. "आता संकोच नको करू. काल आम्ही पाहिलं न. तू आमच्यासाठी पोट मारत होती इतकी वर्षं..."

"कोण पोट मारत होतं?" कुमुदताई चकित झाल्या. "काहीबाही काय बोलून राहिला?"

"मग काल नऊ ताटं, आणि आज एक पोळी?"

"अरे, काल मी फोडणी घातली होती काय? कणीक भिजवली होती? दुपारी चारपासून या वांग्याचा वास घेऊन राहिली मी. वासानंच पोट भरते. आणि खाऊन काय कळणार आहे? तिखट किती, मीठ किती, मले सगळं माहीत आहे. बेचाळीस वर्षं झाली, माझ्याच हातचं जेवून राहिली. तुम्हाले आवडते, बरं आहे. मले त बाप्पा कंटाळा येते."

घरातल्या एकाही माणसाला ही गोष्ट कधी सुचली नव्हती. त्या हाताची वांग्याची भाजी खायला अच्युतरावांचे मित्र दुर्गहून यायचे.

पुढच्या रविवारी अच्युतरावांनी आणि आशयनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. कुमुदताईंना बाहेर पेपर देऊन बसवलं आणि दाराला कडी घातली. आतून बरेच आवाज आले, थोडा धूर आला, एकदा "बाबा, तुम्ही पण मीठ टाकलं काय?" असं ऐकू आलं. दीड वाजता पानं वाढली. वरणात दोघांचंही मीठ होतं. भात तळाशी लागला होता. बटाट्याच्या भाजीचा रंग काही बटाट्याचा नव्हता.

अनुश्रीनं चमचा नाकाशी नेऊन परत ठेवला. "आजोबा, ये क्या है?" इरावतीनं ताकाची वाटी जवळ ओढली. खुद्द अच्युतराव दोन घास घेऊन पाणी प्यायले.

कुमुदताईंनी भात कालवला. घास घेतला, क्षणभर थांबल्या, दुसरा घेतला. दुसऱ्यांदा वरण मागितलं. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा अच्युतरावांना राहवलं नाही.

"कुमुद, खरं सांग. कसं झालं आहे?"

"खारट झालं आहे. आणि भात करपला."

"मग खाऊन काहून राहिली?"

कुमुदताईंनी वाटी पुढे केली. "अहो, झाकण काढायच्या आधी आत काय आहे, हे मले माहीत नव्हतं न," त्या म्हणाल्या. "वाढा थोडं. ती करपलेली खरड पण द्या."