येताना एक फुल, एक हाफ

परसराम काका राठोड दर मंगळवारी मारेगावच्या गाडीनं कुठंतरी जातात आणि दुपारी परत येतात. जाताना एक तिकीट काढतात. येताना एक फुल आणि एक हाफ. सोबत कोणी नसतं. पोर नाही, पिशवी नाही, साधी मेथीची जुडीसुद्धा नाही. लोहाऱ्यातल्या आमच्या कॉलनीत या हाफ तिकिटावर जेवढी चर्चा झाली, तेवढी रस्त्यातल्या खड्ड्यांवरही झाली नसेल. कुणी विचारलंच तर काका शर्टाची वरची गुंडी लावतात आणि म्हणतात, "तिकीट पाहिजे भाऊ, तिकीट." एवढं बोलून विषय डेपोत जमा.

काका एसटीचे निवृत्त कंडक्टर. नोकरी सुटली, पण कंडक्टर सुटला नाही. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्यांना "मागं जागा हाये, पुढं सरका" म्हणतात. आमच्या शेजारच्या आजोबांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा खांदेकऱ्यांना पुढचं वळण त्यांनीच सांगितलं. घरात एकटेच असतात. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला. मूळ गाव पुसदकडचा एक तांडा. आपले पणजे बैलांच्या पाठीवर मीठ वाहत, हे ते चहाच्या प्रत्येक कपाबरोबर सांगतात, आणि शेवटी ठरलेलं वाक्य येतं, "ज्यानं वाहून नेलं, जबाबदारी त्याची."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते मला ऐकूच येत नसे. नीट ऐकू आलं ते बांड्याच्या वेळी.

बांड्या म्हणजे अर्धी शेपूट तुटलेलं एक धिप्पाड वांदर, आमच्या पाण्याच्या टाकीवरच्या टोळीचा म्होरक्या. यानं गच्चीवरचे पापड नेले, डिशची छत्री वाकवली, आणि एकदा आमच्या स्वयंपाकघरात शिरून सौभाग्यवतींच्या समोर ओट्यावर बसून अख्खा गूळ संपवला. त्या दिवसापासून तिनं मागचं दार उघडणं बंद केलं. मी कॉलनीचा सेक्रेटरी. घरातूनच दाब आल्यावर मी अर्ज लिहिला, की सदर माकडास पकडून दूर सोडण्यात यावे, आणि सह्यांसाठी दारोदार फिरलो. काकांनी अर्ज दोनदा वाचला, उलटून मागची कोरी बाजूही वाचली आणि परत दिला. वांदराची सही दिसत नाही, म्हणाले.

वनखात्याकडे जाण्यात वेळ जाईल म्हणून आम्ही शहाण्यांनी परस्पर माकडं पकडणारी दोन माणसं बोलावली. रविवारी सकाळी केळ्याच्या मोहानं बांड्या पिंजऱ्यात अडकला. काय तो आरडाओरडा! टाकीवर सगळी टोळी उभी, माद्या पिलांना पोटाशी धरून. पिंजरा पिकअपमध्ये चढला. कुठं सोडणार, असं मी विचारलं, तर चालक म्हणाला की पुढं कुठंतरी, रान बघून. मला ते उत्तर पुरेसं वाटलं, हे आज लिहिताना लाज वाटते.

गाडी सुरू झाली, दहा पावलं गेली, आणि मागच्या पत्र्यावर एक खणखणीत आवाज आला. टण. एकच. चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. सिंगल बेलला गाडी थांबते, डबलला सुटते, हे या जिल्ह्यात रक्तातच आहे.

मागं काका उभे होते. हातात तिकिटाच्या जुन्या पेटीचं झाकण.

"वनखात्याचा कागद दाखवा," ते म्हणाले.

कागद नव्हता. मग काकांनी अगदी शांतपणे सांगितलं, की हे संरक्षित जनावर आहे, लेखी परवानगीशिवाय त्याला धरणं गुन्हा, नेणं गुन्हा, आणि सोडणं हे उपकार नव्हेत. पकडणाऱ्या दोघांनी माझ्याकडे बघितलं, मी चपलेकडे. पिंजरा खाली उतरला. आम्ही सगळे सेक्रेटरीसकट व्हरांड्यात पळालो. काकांनी एकट्यानं दार उघडलं.

बांड्या बाहेर आला. दात विचकत, अंगावरचा केस न् केस उभा. काकांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबला. ते हलले नाहीत, मागं सरले नाहीत. नजर मात्र त्याच्याकडे नव्हती, जमिनीकडे होती. मी आयुष्यात बरीच धीट माणसं पाहिलीत, पण इतका निवांत धीर पाहिला नव्हता. मग त्यांनी झाकणावर हळूच दोनदा वाजवलं. टण टण. बांड्या कडुनिंबावर चढला, तिथून टाकीवर गेला, आणि टोळी त्याला येऊन चिकटली.

संध्याकाळी मी काकांशी भांडायलाच गेलो. उद्या हे जनावर कुणाला चावलं तर, असं विचारलं. ते म्हणाले, मग वनखात्याला रीतसर बोलवू, मी स्वतः सोबत येतो, त्यांचा डॉक्टर राहील, त्यांचा कागद राहील. तोवर खिडक्यांना जाळ्या लावा, पापड नजरेखाली वाळवा. आपली पीडा दुसऱ्याच्या हरभऱ्यात टाकून यायची आणि त्याला सुटका म्हणायचं, हे काही बरं नाही. मी तरी हुज्जत घालत राहिलो. शेवटी ते म्हणाले, "मंगळवारी मोकळे हाये काय तुमी?"

मंगळवारी आम्ही मारेगावच्या अलीकडे एका फाट्यावर उतरलो. पत्र्याची शेड, एक चिंच, चहूकडं कापसाची पऱ्हाटी. काका शेडमध्ये बसले आणि चिंचेकडं बघत राहिले. तासाभरानं बोलले.

"नोकरीच्या शेवटच्या वर्षी म्या वांदराचं एक पिल्लू नेलतं भाऊ. एका गावच्या लोकायनं पोत्यात आणलं, म्हणे तरास देते. म्या टपावर ठिवलं, अन् इथं सोडून देलं. म्हटलं मोकळं रान हाये. दुसऱ्या दिवशी गाडी आली, त ते इथंच बसून. दार उघडलं का पायरीपाशी ये, आत पाहे. मले वळखलं होतं त्यानं. बावीस दिवस आलं."

"मग घेतलं नाही?"

"जनावर गाडीत घ्यायची मनाई हाये ना. नेताना मले ते आठवलं नाही. आणायच्या वेळी आठवलं. रोज म्या डबल बेल मारली."

तेविसाव्या दिवशी ते नव्हतं. काकांनी सगळं रान धुंडाळलं, शेतकऱ्यांना विचारलं. कुणाला काही माहीत नव्हतं. निवृत्त झाल्यापासून ते दर मंगळवारी येतात.

परतीची गाडी आली. दार उघडलं. काका पायरीपाशी थोडं थांबले, मागं वळून चिंचेकडं बघितलं, मग चढले. कंडक्टर मुलगी त्यांना ओळखत असावी, तिनं न विचारताच मशीनवर बोट ठेवलं. मी तिला थांबवलं आणि म्हटलं, "दोन फुल, एक हाफ."

तिघांच्या बाकड्यावर आम्ही बसलो. खिडकीजवळची जागा मोकळी राहिली. पुढच्या थांब्यावर गाडी भरली. एक गृहस्थ आत आले, रिकाम्या जागेकडं बोट दाखवून त्यांनी विचारलं, कुणी आहे का इथं.

काकांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "आहे. तिकीट काढलंय त्याचं."