सहावं झाड मोकळं

गवत कापायच्या मशीनपासून झाडं कशी वाचवायची, हे आमच्या घरात फक्त मलाच माहीत होतं! वनस्पतिशास्त्राची पदवी काय उगाच मिळते? मशीनची गरगरती नायलॉन दोरी खोडाला लागली की साल सोलते. झाडाचं अन्न त्या सालीतूनच मुळांकडे उतरतं. साल गोल सोलली, की झाडाचा कारभार आटोपला.

अंगणात सहा झाडं. मी जाड प्लॅस्टिकच्या पाइपचे वीतभर तुकडे केले, उभे चिरले आणि पाच खोडांना मोज्यांसारखे चढवले.

"आणि सहाव्याला?" आईनं विचारलं.

"ते मुद्दाम मोकळं ठेवलंय. तुलना नको का करायला? नाहीतर पाइपचा उपयोग झाला हे कळणार कसं?"

"अरे, पण ते कुणाचं झाड आहे?"

"चिठ्ठी टाकून निवडलंय. विज्ञानात आपपरभाव नसतो."

ते बाबांचं होतं. बी पेरून चार वर्षं वाढवलेलं. परवाच त्याला पहिली कळी आली होती आणि बाबा रोज चहाचा कप घेऊन तिला भेटायला जात होते.

शनिवारी माळीकाका आले. इतकी वर्षं हा माणूस खोडाजवळ मशीन बंद करून, वाकून, हातानं गवत उपटायचा. मोजे बघून ते खूश!

"वा, झाडांना चिलखत! माझी कंबर सुटली म्हणायची."

मी अभिमानानं मान डोलावली आणि नोंदवही आणायला आत गेलो. बाहेर मशीन सुसाट निघालं. ठक. ठक. ठक. ठक. ठक. सहाव्यांदा ठक झालंच नाही. सर्रर्र झालं.

मी धावलो. अर्ध्या खोडाची साल गायब! आणि माझ्या तोंडून निघालं, "निकाल आला!"

मागे बाबा उभे होते. हातात कप.

"मला वाटलं, सगळ्यांनाच घातलंय," माळीकाका कळवळले. "पाच झाकून एक उघडं कोण ठेवतं हो?"

"शिकलेला माणूस," बाबा म्हणाले.

"बाबा, अर्धी साल शाबूत आहे. झाड जगेल."

"ते त्या कळीला सांग."

कळी उमलली, जखमही भरतेय. पण आता दर शनिवारी मशीन चालू असताना त्या खोडासमोर मी उभा असतो.

"त्यालाही पाइपच घालू या ना," मी एकदा सुचवून पाहिलं.

"छे!" बाबा म्हणाले. "तुलना नको का करायला? पाइप चांगला की तू?"

माझ्या पोटऱ्यांवरचे वळ मोजले तर सध्या पाइप पुढे आहे.